ओझरतं

रेंजवरचा पिंगळ्यांचा यशोधन म्हणतो,
मॅडम, टक लावायची नाही.
रिकामी रायफल रिकाम्या आभाळाकडे करा,
डोळा मिटा, उघडा,
ओझरतं बघा आणि लगेच सांगा
फुली काळी दिसली की करडी.

करडी.

मग मागची कडी जराशी फिरवा.
पुन्हा मिटा.

या पोराला कसं सांगू,
बत्तीस वर्षं मला टक लावण्याचाच पगार मिळाला.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये,
शाईचा वास न वाळलेला ताव पुढे यायचा
आणि मी बघायचे
रेघ कुठे तुटली, आकडा कुठे घसरला,
जाळीतला एखादा धागा कुठे जाड झाला.
चुकलेल्यावर लाल पेन्सिलीची फुली.
केवढा पैसा
पैसा होण्याआधीच मारला मी,
आणि संध्याकाळी विहितगावच्या नाक्यावर
मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून भांडले.

त्रेचाळिसाव्या वर्षी वाचायचा चष्मा.
मग मध्ये रेघ असलेला.
मग रेघ नसलेला, महाग,
ज्यात मान वरखाली करून
जग सापडेल तिथे पकडायचं.
पण दस्त्यावर गाल टेकला की मान हलत नाही.
चष्मा काढून खिशात ठेवते.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, कोवळा.
डॉक्टर बोरस्ते त्याच्याविषयी
आपल्या बागेतल्या घडासारखं बोलतात:
घाई नको, भरू दे, मग उतरवू.
तोवर ठरवून ठेवा,
भिंग लांबचं बसवू की जवळचं.
दोन्ही?
दोन्ही मिळत नाही हो, ताई.

पण टक का नाही लावायची? मी विचारलं.

कारण डोळा जुळवून घेतो, यशोधन म्हणाला.
फुली धूसर असली तरी आतल्या आत ताण घेऊन
तुम्हाला ती स्वच्छ करून दाखवतो.
तुम्हाला वाटतं, झालं.
मग दोन मिनिटांत दमतो, आणि गोळी भलतीकडे.
तुमच्या वयात मात्र...
इथे तो अडखळला, कॅप काढून परत घातली,
तुमच्या वयात डोळा जुळवून घेत नाही.
म्हणजे बरंच आहे ते.
कडी लवकर सापडते.

जुळवून घ्यायचं असतं, हे वाक्य
मला कोणी कोणी ऐकवलं
त्याची यादी काढत नाही,
मागे तीन पोरं पाळीची वाट बघताहेत.
पण हसू आलं, आणि नळी हलली.

देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता.
शेडचा पत्रा थरथरला,
वालदेवीच्या बाजूचे बगळे उठले, परत बसले.

मिटला. उघडला.
करडी.
पाव फेरा.
मिटला. उघडला.
कडा दिसली.
अजून केसभर.
मिटला,
आणि उघडला तेव्हा
फुली उभी होती
आभाळावर, बारीक, काळी,
जणू आभाळच छापताना चुकलंय
आणि बाद करायचं राहून गेलंय.

पन्नास मीटरवरचा कागद त्यानंतर.
पहिली गोळी सातात, डावीकडे.
दुसरी आठात.
तिसरी कुठे गेली कोणालाच सापडली नाही,
यशोधनने दुर्बिणीतून बराच वेळ शोधली.

रायफल क्लबची आहे.
माझ्यानंतर सोळा वर्षांचा कोणी येतो,
डोळा लावतो, म्हणतो, शी, किती धूसर,
आणि माझी जागा गरकन फिरवून टाकतो.
म्हणून कडीवर खूण केली:
कपाळाची टिकली काढून चिकटवली,
तिच्या समोर, नळीवर, दुसरी.
लाल ठिपक्यापुढे लाल ठिपका
आला की माझा डोळा.

दोन महिने जमलं.

काल दोन्ही टिकल्या समोरासमोर आणल्या,
आभाळाकडे केली,
मिटला, उघडला.
करडी.

यशोधन काही बोलला नाही.
मी नखाने टिकली उचलली,
तिचा डिंक अजून चिकट होता,
आणि गव्हाच्या दाण्याएवढी
पुढे लावली.